विळी आडवी करून ठेव

गेल्या मे महिन्यात माझा मावसभाऊ जर्मनीहून सांगलीला आला, तेव्हा त्याने माझ्या आठ वर्षांच्या लेकीसाठी खाऊच्या डब्याबरोबर एक चाकू आणला. व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा, मिटवून खिशात ठेवण्याचा, लहान मुलांसाठी मुद्दाम काढलेला आणि म्हणून पात्याचे टोक गोल ठेवलेला असा तो चाकू होता. तो तिच्या हातात देण्याआधी भावाने तिच्याकडून एक रुपया मागून घेतला. चाकू फुकट भेट दिला की देणाऱ्या-घेणाऱ्यातले नाते तुटते, म्हणून घेणाऱ्याने एखादे नाणे द्यायचे आणि तो विकत घेतल्यासारखे करायचे, अशी युरोपात समजूत आहे. लेकीने आपल्या डब्यातला रुपया काढून दिला आणि व्यवहार पुरा झाला. पुढे काय करायचे, हे मात्र आम्हा घरच्यांवर आले.

घरात लगेच दोन तट पडले. ‘अहो, तिला अजून बुटाची नाडी धड बांधता येत नाही,’ असे बायको म्हणाली. गावाकडून आलेली माझी आई भिंतीला टेकून लसूण सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘हिच्याएवढी हुते तवा मी सा मान्सांची भाजी इळीवर चिरत हुते.’ दोघींचेही म्हणणे खरे होते आणि त्यामुळेच मला काही बोलता येईना. मी चाकू कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला आणि ‘बघू’ म्हटले. बाप लोकांचे ‘बघू’ म्हणजे काय, हे आठ वर्षांच्या मुलीला पुरते ठाऊक असते.

आधी मी वयाच्या आकड्यामागे लागलो. ओळखीच्या आईबापांना विचारले तर कोणी सहा वर्षे सांगितली, कोणी बारा, आणि एका गृहस्थांनी ‘लग्नानंतर’ असे सांगून मला वाटेला लावले. मी माध्यमिक शाळेत शिकवतो. एकाच वर्गातल्या, एकाच वर्षी जन्मलेल्या पन्नास मुलांचे हात किती वेगवेगळे असतात, हे मी रोज पाहतो, त्यामुळे आकड्यावर माझा फारसा विश्वास बसला नाही. मूल डावखुरे की उजवे, हे साधारणपणे चार ते सहा वर्षांच्या दरम्यान पक्के होते; पाचव्या वर्षाच्या आसपास कात्रीने कागदावरची रेघ धरून कापता येऊ लागते. म्हणजे नुसत्या हाताचा प्रश्न असता, तर तो बालवाडीतच सुटला असता. स्वयंपाकघरात हात कापण्याचे जे प्रसंग मला आठवतात, त्यातले निम्मे तरी कापताना घडलेले नाहीत. सुरी हातात असताना कोणी हाक मारली म्हणून वळणे, ती पालेभाजीच्या ढिगाखाली विसरणे, ओट्यावरून पडू लागली की सवयीने झेलायला जाणे, असे ते प्रसंग आहेत. हे सगळे कापण्याच्या आधीचे किंवा नंतरचे आहे, आणि त्याकडे आपण लक्षच देत नाही, कारण आपली नजर पात्यावर आणि मुलाच्या बोटांवर खिळलेली असते.

आई म्हणत होती ती विळी आणि हा चाकू ही दोन्ही पातीच असली, तरी त्यांचे स्वभाव अगदी उलटे आहेत, हे तिच्याशी वाद घालताना मला प्रथमच नीट उमगले. विळीचे पाते पाटात रोवलेले असते. ते जागचे हलत नाही; आपण पाट पायाखाली दाबून बसतो आणि दोन्ही हातांनी भाजी पात्याकडे नेतो. धोका एका ठिकाणी उभा असतो आणि आपल्याला तिथे जाऊन परत यायचे असते. चाकूचे नेमके उलटे आहे. भाजी जागेवर असते, तिला धरणारा एक हात जागेवर असतो आणि पाते दुसऱ्या हाताबरोबर फिरते. मूल उठले की तेही उठते, मूल वळले की तेही वळते. विळीवर बसलेल्या मुलाला धावता येत नाही, कारण आधी पाय उचलावा लागतो आणि मग स्वतः उठावे लागते. आईच्या पिढीतल्या मुली सात-आठ वर्षांच्या वयात भाजी चिरू शकत होत्या, ते त्या आजच्या मुलींपेक्षा शहाण्या होत्या म्हणून नव्हे. त्यांचे हत्यारच त्यांना जमिनीशी बसवून ठेवत होते. मी हे आईला समजावून सांगितले, तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘मग तू का कापून घेतलास?’

मी कापून घेतले होते, हे खरे आहे. आमचे गाव तासगाव तालुक्यात आहे. तिथे आमच्या घरी विळीपर्यंत पोहोचायला बरीच वाट चालावी लागे. आधी गवारीच्या शेंगा मोडायच्या, मेथी निवडायची, वाटाणे सोलायचे, मग लसूण, मग उकडलेल्या बटाट्यांची साले काढायची, आणि या सगळ्यात बोटांना भाजीची ओळख झाली की एके दिवशी आजी पाट पुढे सरकवायची. मुलगा म्हणून मला त्यातून सूट नव्हती, कारण घरात त्या वेळी मुलगी नव्हती. मला पहिल्या दिवशी दोडका मिळाला. दोडका मी नीट चिरला, अगदी एकसारख्या फोडी केल्या आणि त्या दाखवायला आजीकडे वळलो. वळताना डावा हात पात्याजवळ राहिला, आणि अंगठ्याच्या मुळाशी अजूनही पांढरी रेघ आहे. आजीने फडक्याने हात घट्ट दाबून धरला आणि हळदीचा डबा मागवला. सांगली म्हणजे हळदीची पेठ, त्यामुळे आमच्याकडे कोणत्याही जखमेवर पहिला इलाज तोच. आज मी वाहत्या पाण्याखाली हात धुऊन, स्वच्छ कापडाने दाब देऊन, हात वर धरायला सांगेन; हळद भाजीतच राहू देईन. परंतु आजीची दुसरी कृती मला आजही बरोबर वाटते. रक्त थांबल्यावर तिने मला पुन्हा विळीजवळ नेले आणि म्हणाली, ‘आधी इळी आडवी कर. मग रड.’

विळी आडवी करून ठेवणे म्हणजे काम झाल्यावर ती कुशीवर पाडून, पाते भिंतीकडे करून ठेवणे. आमच्या घरात हा नियम पोथीतल्या वचनासारखा पाळला जाई, आणि त्याच्याबरोबर आणखी काही नियम असत: पाते हातातून हातात द्यायचे नाही, खाली ठेवायचे आणि दुसऱ्याने ते उचलायचे, रिकामी कात्री चालवायची नाही. दोन्हींचे कारण एकच सांगितले जाई, घरात भांडणे होतात. आपल्याकडे प्रत्येक जुन्या समजुतीखाली शास्त्र शोधण्याची जी हौस आहे, ती मला मुळीच नाही, आणि लिंबू-मिरचीतले जीवनसत्त्व मोजणाऱ्यांपासून मी लांब राहतो. तरीही हे नियम करणाऱ्या बाईने कधीतरी सुरीची मूठ कोणाच्या हातात देताना पात्याची बाजू स्वतःच्या तळव्यात राहिलेली अनुभवली असणार, असे मला वाटते. भांडणाची भीती घातली की मूल ऐकते. तळहाताची भीती त्याला अजून ठाऊक नसते.

एक नियम मात्र मी लेकीला समजावून सांगू शकलो नाही. आमच्या घरी अख्खा लाल भोपळा बाई चिरत नाही. पहिला घाव घरातल्या पुरुषाने घालायचा आणि मग बाकीच्या फोडी बायकांनी करायच्या. मेमध्ये गावी गेलो असता आईने मला भोपळ्यासाठी हाक मारली, आणि लेकीने ‘का?’ विचारले. आई म्हणाली, भोपळा म्हणजे थोरला लेक. लेक म्हणाली, मग बाबा थोरल्या लेकाला कसे कापतात? आईने हसून विषय बदलला आणि मी भोपळा कापला. ‘विळ्या-भोपळ्याचे सख्य’ म्हणजे वैर, एवढेच तिला त्या दिवशी शिकवता आले. ते सांगताना मिरजेची गोष्ट मात्र आठवली. सांगलीतल्या आमच्या विश्रामबागेपासून मिरज हाकेच्या अंतरावर आहे, आणि तिथल्या सतारींचा उगम १८५०च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांच्यापर्यंत नेला जातो. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारे. तलवारींची गिऱ्हाइके आटली, तेव्हा त्या घराण्याने वाळक्या भोपळ्यांची वाद्ये करायला घेतली. म्हणजे एका गावात तरी पात्याचे आणि भोपळ्याचे खरोखरच सख्य झाले, असे मी लेकीला सांगितले. तिला सतारीपेक्षा तलवारीत अधिक रस होता.

जूनपासून मी घरी रीतसर शिकवणी सुरू केली. जर्मनीहून आलेला चाकू कपाटातच ठेवला आणि स्वयंपाकघरातली एक छोटी सुरी घेतली. चिरण्याच्या फळीखाली ओले फडके घातले, म्हणजे फळी सरकत नाही. लेकीला पाटावर उभे केले, म्हणजे तिचे कोपर फळीच्या वर राहते आणि दाब खांद्यातून नव्हे, हातातून येतो. आधी केळे, मग काकडी, मग उकडलेला बटाटा. काकडी किंवा बटाटा आधी उभा चिरून त्याची सपाट बाजू खाली टेकवायची, कारण गोल वस्तू फळीवर लोळते आणि लोळणाऱ्या वस्तूमागे बोटे धावतात. धरणाऱ्या हाताची बोटे मांजराच्या पंजासारखी आत वळवायची, नखे मागे आणि पेरे पुढे, म्हणजे पाते पेरांच्या कडेने खालीवर होते आणि बोटांचे शेंडे त्याच्या वाटेत येत नाहीत. हे सगळे तिने दोन आठवड्यांत आत्मसात केले. मला ते करायला शिकायला कितीतरी अधिक वेळ लागला होता, कारण मला कोणी पंजा दाखवलाच नव्हता.

या शिकवणीत मी एक मोठी चूक केली. मी मुद्दाम बोथट सुरी निवडली होती. लहान मुलीला धारदार सुरी कोण देईल, असा माझा साधा हिशेब होता. केळे आणि काकडी तिने निभावली, पण टोमॅटोवर ती सुरी सालीवरून घसरली आणि फळीवर आपटली. बोट थोडक्यात वाचले. लेक घाबरली नाही, आई संतापली. ‘बिनधारंची सुरी दिलीस व्हय पोरीला?’ असे ती ज्या सुरात म्हणाली, त्या सुरात तिने मला बऱ्याच वर्षांत काही ऐकवले नव्हते. तिचे बरोबर होते. धार नसली की हात जोर लावतो, आणि जोर लावलेला हात सुटला की कुठे जाईल ते त्यालाही कळत नाही. धारेच्या सुरीला नुसते सरकवावे लागते. धारेची सुरी लागली तर जखम सरळ होते, बोथटीची फाटते, हेही त्या दिवशी आईने बजावले.

त्यानंतरच्या रविवारी गल्लीत धारवाला आला. सायकल स्टँडवर लावायची, पेडल मारून पुढची साण फिरवायची आणि ठिणग्या उडवत सुऱ्या-कात्र्यांना धार द्यायची, असे काम करणारे लोक आता फार थोडे उरले आहेत. त्याने आमची सुरी साणेवर तिरकी धरली, दोन्ही बाजूंना सारखी फिरवली आणि मग लेकीला जवळ बोलावून धार कशी बघायची ते दाखवले: ‘बोट पात्यावर आडवं फिरवायचं, ताई. उभं कधी न्हाई.’ आडवे फिरवले की खरखर लागते आणि बोटाला काही होत नाही. पात्याच्या लांबीने उभे फिरवले की बोट चिरते. मी उभाच राहिलो. तिला असे शिकवावे हे मला सुचले नव्हते, आणि सुचले असते तरी माझे धाडस झाले नसते. तिने बोट आडवे फिरवले, मान हलवली आणि म्हणाली, ‘लागतंय.’ एक परका माणूस अर्ध्या मिनिटात जे देऊ शकला, त्यासाठी मी महिनाभर ओट्याभोवती घुटमळत होतो.

हाताचा अभ्यास असा झाला. थांबण्याचा अभ्यास राहिला होता. जुलैत एकदा ती काकडी चिरत असताना मी बाहेरच्या खोलीतून तिला उगाच हाक मारली. ती सुरी हातात घेऊनच धावत दारात आली आणि ‘काय?’ म्हणाली. मी काही बोललो नाही. चाकू आणखी एक महिना कपाटात राहिला. ऑगस्टमध्ये पुन्हा हाक मारली, तेव्हा ती आली नाही, पण सुरी हवेत धरून ‘थांबा’ म्हणाली. अशा हाका मारताना मला थोडी लाज वाटे, कारण हे मूल पकडण्यासाठी लावलेल्या सापळ्यासारखे होते. परंतु मुलांच्या आयुष्यात दाराची घंटा, फोन आणि शेजारची मैत्रीण हे सगळे न सांगताच येते, आणि माझी हाक त्यांच्याहून बरी होती.

याच सुमारास मला दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग पुन्हा पुन्हा आठवू लागला. गळीत हंगामात आष्ट्याच्या बाजूला एका फडाकडेला माझी दुचाकी बंद पडली होती. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. मुलांना या हिशेबात जागा नाही. तरीही बांधावर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी नीट करत बसली होती आणि तिच्याजवळ कोयता होता. मी पाणी मागितले. तिने आधी कोयता जमिनीवर सपाट ठेवला, पाते आपल्या विरुद्ध दिशेला वळवले, मुठीवर पाय ठेवला आणि मग मान वर करून माझ्याकडे पाहिले. तिला हे कोणी शिकवले असेल किंवा तिचे तिनेच शिकून घेतले असेल. कळशीतले पाणी पिऊन मी तिला शाळेचे विचारले. गावाकडे आहे, एवढेच ती म्हणाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला कायद्याने बंदी आहे, हे मी वर्गात शिकवतो. त्या फडाकडेला ते वाक्य मला उच्चारता आले नाही, आणि मी दुचाकी ढकलत निघून आलो. आम्ही आमच्या घरी पाच महिने जो प्रश्न घोळवत होतो, तो घोळवण्याइतकी सवड त्या बांधावर कोणालाच नव्हती. लेकीच्या चाकूचा विचार करताना मी माझ्या मनात जे माप धरले होते, ते त्या मुलीकडून घेतलेले होते, हे मला उशिरा कळले आणि ते फारसे सुखाचे वाटले नाही.

सप्टेंबरमध्ये लेकीला हाक मारली, तर आतून काहीच उत्तर येईना. मी जाऊन पाहिले. तिने सुरी फळीच्या पलीकडच्या कडेला, पाते भिंतीकडे करून ठेवली होती, हात फडक्याला पुसले होते आणि आता ती ‘ओ’ म्हणणार होती. बायको दारात उभी राहून हे पाहत होती. ‘नाडी बांधायला कधी शिकणार?’ असे ती म्हणाली, पण तिने कपाटातून चाकू काढून टेबलावर ठेवला.

मिटणाऱ्या चाकूचे एक वेगळे शिकवावे लागले. त्याचे पाते स्प्रिंगच्या दाबाने उघडे राहते, पण ते खिळलेले नसते. टोकाने टोचण्याचा किंवा पात्याच्या पाठीवर दाब देण्याचा प्रयत्न केला, तर ते बोटांवर मिटू शकते. त्यामुळे कापायचे ते धारेच्या दिशेनेच, आणि मिटवताना बोटे खाचेच्या वाटेत ठेवायची नाहीत. आणखी एक नियम मी घातला, जो मला स्वतःलाच सर्वांत अवघड जातो: चाकू हातातून निसटला तर झेलायचा नाही, पाय मागे घ्यायचे आणि त्याला पडू द्यायचे. फरशीचा टवका उडाला तरी चालेल.

पण लेकीच्या या सगळ्या परीक्षा घेणारा मी स्वतः कसा होतो? एका रात्री घाईत भांडी आवरताना मी बेसिनमध्ये, साबणाच्या फेसाखाली, ती नव्याने धार लावलेली सुरी टाकली होती. सकाळी मीच तिथे हात घातला आणि मधल्या बोटाला जखम करून घेतली. तीन दिवस खडू धरताना बोट आखडत होते. ‘तुम्ही सुरी आडवी केली नव्हती,’ असे लेक अतिशय गंभीरपणे म्हणाली. आईला फोनवरून हे समजले, तेव्हा ती बराच वेळ हसत होती.

नवरात्रात आम्ही गावी गेलो. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारे धुऊन, पुसून देवघरासमोर मांडतात. आईने विळी, खुरपी, विळे, कोयता, आजोबांचा अडकित्ता असे सगळे ओळीने ठेवले. गावाकडच्या भावाने द्राक्षबागेच्या छाटणीच्या कात्र्या आणून ठेवल्या, तोंडाने कुरकुरत, कारण पूजलेली हत्यारे त्या दिवशी वापरायची नसतात, ऑक्टोबर छाटणी ऐन भरात होती आणि टोळीचा एक दिवस वाया जाणार होता. लेकीने आपला चाकू मिटवून ओळीच्या शेवटी, अडकित्त्याच्या शेजारी ठेवला. आईने त्याच्यावरही हळदकुंकू वाहिले आणि झेंडूचे फूल ठेवले. लेकीला वाटले होते की पूजा झाली की चाकू मिळणार. ‘उद्या,’ आई म्हणाली. लेकीने एकदा ओळीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि अंगणात खेळायला निघून गेली. दिवसभरात तिने चाकूचे नाव काढले नाही. मी मात्र दोनदा देवघरात डोकावून तो जागेवर आहे ना ते पाहून आलो.

दसऱ्याच्या सकाळी तोरणाचे काम निघाले. झेंडूची फुले, आंब्याची पाने आणि सुतळीचे बंडल घेऊन आई सोप्यात बसली, आणि सुतळीचे तुकडे करण्याचे काम तिने नातीकडे दिले. लेक मांडी घालून बसली. चाकू उघडला, सुतळी फळीवर ताणून धरली, पंजा केला, कापली. दुसरा तुकडा. तिसरा. मी खांबाला टेकून तोंड बंद ठेवण्याचा प्रयत्न करत होतो आणि तो बराचसा जमत होता. एवढ्यात फाटकाशी शेजारची दोन मुले आपट्याची पाने घेऊन आली आणि त्यांनी तिला मोठ्याने हाक मारली. तिने चाकू मिटवला, फळीवर ठेवला, आईला म्हणाली, ‘आजी, इथे ठेवलाय, बघ,’ आणि मग पळाली.

आईने हातातले फूल दोऱ्यात ओवले, चाकूकडे पाहिले आणि मला म्हणाली, ‘तेवढी इळी आडवी कर रे. नारळ खवून मी तशीच ठिवलीया.’